रोज चार वाजता बसणारी साइट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साचतात. आमच्या ग्वाल्हेरात उन्हाळा संपला की कूलरची टाकी उपसावी लागते, आणि तेव्हा कळतं की तळाशी किती गाळ बसलाय. आमच्या मंडळाच्या वेबसाइटचं तसंच झालं. गेली दोन वर्षं ती मी सांभाळतोय, आणि त्यातच ती रोज पडायला लागली. या काळात जे साचलं ते आता उपसून ठेवतो. गाळ उपसण्याला किस्से म्हणावं का, याची मला शंका आहे. पण मला बहुतेक गोष्टींची शंका असते, म्हणून ही शंका बाजूला ठेवतो.

आधी माणसं सांगतो. आमचं मंडळ गावाच्या लष्कर भागात, बाड्याच्या चौकापासून पाच मिनिटांवर, चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत भरतं. अध्यक्ष अप्पासाहेब, वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू कमी येतं आणि मत ठाम असतं. भालेराव टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहतात गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला, घराणं फौजेतलं. नलूताई चिटणीस. चाळीस वर्षं मुलींना मराठी शिकवलं, आणि अजूनही कुणी वाक्य अर्धवट सोडलं तर त्या ते पूर्ण होईपर्यंत बघत राहतात. चौथा मी. गणितात डॉक्टरेट आहे, महाविद्यालयात पस्तीस वर्षं शिकवलं. हे सांगायला संकोच वाटतो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही म्हणाल, यात डॉक्टरेट कुठं दिसली?

साइट केली होती नलूताईंच्या मुलानं, अनिरुद्धनं. तिच्यावर एक पान आहे, ‘आपली माणसं’. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक मराठी माणसाचा एक फोटो आणि दोन मिनिटांचा आवाज. कुणी दख्खनेतून आलेल्या पूर्वजांची गोष्ट सांगितलीय, कुणी नुसती आमटीची कृती. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. पुण्या-बंगलोरला गेलेली मुलं तिथं बसून आजोबांचा आवाज ऐकतात.

आणि अनिरुद्धही आता नाही.

*

सर्व्हर का पडायचा याचं मूळ एका बैठकीत आहे. अनिरुद्ध तेव्हा नोएडाला नोकरी करायचा, शनिवारी-रविवारी घरी यायचा. त्यानं बैठकीत लॅपटॉप उघडून सांगितलं, “तीनशेच्या वर माणसं झाली. आता पानं पाडू या. एका पानावर वीस जण. पुढचे वीस दुसऱ्या पानावर.”

मग अप्पासाहेबांनी विचारलं, “दुसऱ्या पानावर कोण?”

अनिरुद्ध म्हणाला, “कुणीही. आडनावांच्या क्रमानं लावू.”

“म्हणजे आम्ही शिंत्रे शेवटून दुसऱ्या पानावर? आमच्या पणजोबांची दरबारातली जागा ठाऊक आहे का तुला?”

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, जागा ठाऊक आहे, खांबाच्या मागे होती. त्यावर पाऊण तास गेला. कुणाचे पूर्वज कुठं बसत, कुणाला विडा आधी मिळे, कुणाच्या घोड्याला आत येऊ देत. वयाप्रमाणे लावू म्हटलं तर दोन बायका वय सांगायला तयार नव्हत्या. भालेराव म्हणाले, “हमारे यहाँ तर सगळे शिपाईच होते, आम्हाला कुठंही टाका.” पण हे म्हणताना तेसुद्धा जरा ताठ बसले होते.

शेवटी नलूताईंनी वही मिटली. “सगळे एकाच पानावर. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.”

अनिरुद्ध हसत म्हणाला, “आई, कुणी पान उघडलं की सर्व्हरला तीनशे फोटो आणि तीनशे आवाज एकदम मांडावे लागतील. तो बसेल ग.”

“बसला तर उठव.”

“बरं,” अनिरुद्ध म्हणाला. ठराव मंजूर झाला, आणि वेलदोड्याचा चहा आला.

*

दोन वर्षांपूर्वी, एका साध्या मंगळवारी, नोएडाच्या ऑफिसात त्याचं हृदय थांबलं. एक्केचाळीस वर्षांचा होता. लग्न केलं नव्हतं, वडील तो शाळेत असतानाच गेले होते. नलूताई एकट्या राहिल्या.

तेराव्याला मी गेलो तेव्हा त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक डायरी दिली. अनिरुद्धच्या अक्षरात सर्व्हरचे पासवर्ड होते.

“सर, तुमचा विद्यार्थी होता. तो म्हणायचा, मला काही झालं तर सरांना कळेल.”

मी घाबरलो. मी त्याला समीकरणांची मुळं काढायला शिकवलं होतं. सर्व्हर मी आयुष्यात पाहिलेला नव्हता. पण त्या घरात, त्या दिवशी, “मला येत नाही” हे वाक्य बाहेर पडलं नाही. मी म्हणालो, “मी साइट बंद पडू देणार नाही.” असं ठाम वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलं होतं हे मला आठवत नाही.

परत येताना भालेराव रिक्षात बरोबर होते. त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, “अनिरुद्ध मला तर वेगळंच सांगायचा. म्हणायचा, सर एक तास सांगतात की उत्तर चार आहे, आणि दुसरा तास सांगतात की ते चार नसू शकतं.”

किल्ल्याचा चढ मागे पडल्यावर भालेरावांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “पर फार प्रेमानं सांगायचा,” ते म्हणाले.

*

पहिले काही महिने साइट बरी चालली. मग ती बसायला लागली. कधीतरी नव्हे, रोज, आणि दुपारी चारच्या सुमाराला. पाच-दहा मिनिटांनी आपोआप उठायची. मला वाटलं, यंत्रातच काही सोय असेल. मी चौकशी केली नाही. ही माझी पहिली चूक.

मंडळाच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, त्यावर आम्ही पत्रं टाइप करतो. एका मे महिन्यात मी खोलीत शिरलो, तर भालेरावांनी घरचा कूलर जिना चढवून आणला होता आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे करून ठेवलं होतं. वाळ्याच्या ताट्या नव्या, टाकी काठोकाठ. टेबलावरच्या पावत्या उडत होत्या आणि अप्पासाहेब शाल पांघरून बसले होते.

“दुपारी चारला गर्मी सगळ्यात जास्त असते,” भालेराव म्हणाले. “मशीन तापतं आणि बसतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही हेच करायचो.”

“भालेराव, सर्व्हर हा नाही. सर्व्हर इथं नाहीच.”

“मग कुठं आहे?”

“मुंबईला. भाड्यानं घेतलेला.”

भालेरावांनी कूलर बंद केला नाही. जरा विचार करून म्हणाले, “मुंबईला. तरीच. दमट हवा.”

*

मग मी ते माझ्या पद्धतीनं करायचं ठरवलं.

मेमरी म्हणजे काय, ते बैठकीत असं सांगितलं: सर्व्हरचं एक टेबल असतं. कुणी पान मागितलं की तो सगळे फोटो आणि आवाज त्या टेबलावर मांडतो, देतो आणि आवरतो. आवरण्याआधी दुसऱ्यानं मागितलं तर पुन्हा तीनशे मांडतो. टेबल भरलं की त्याला हातपाय हलवायला जागा राहत नाही आणि तो आडवा होतो. अप्पासाहेब म्हणाले, “मोठं टेबल घ्या.”

मी तीन आठवडे दर दहा मिनिटांनी मेमरी किती भरली हे वहीत लिहिलं आणि आलेख काढला. दिवसभर रेघ सपाट, टेबल जवळजवळ रिकामं. चार वाजले की रेघ भिंतीसारखी सरळ वर. असा आलेख निसर्गात सहसा येत नाही. मी म्हणालो, माझं मोजमाप चुकलं. आणखी तीन आठवडे मोजलं. तीच भिंत. मग वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. खालच्या दुकानात जाऊन तपासून आलो. नंबर तोच होता.

आमची ही मला म्हणाली, “सहा आठवडे रेघोट्या ओढताय. चारला काय होतं ते चारला जाऊन बघा ना.”

मी म्हटलं, असं चालत नाही, आधी नमुना हवा. आज वाटतं, पस्तीस वर्षांच्या अध्यापनापेक्षा त्या वाक्यात जास्त पद्धत होती.

शेवटी अप्पासाहेबांचंच ऐकलं आणि मेमरी दुप्पट करून घेतली. दुसऱ्या दिवशी चार वाजले, साइट उभी. सव्वाचार, उभी. मी नलूताईंना फोन करणार इतक्यात, साडेचारला, ती बसली.

भालेराव म्हणाले, “प्रोफेसर, तुम्ही बीमारी ठीक केली नाही. पेशंटला अर्धा तास दिला.”

*

दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय निघालाच. पुण्याहून तक्रारी येत होत्या. एका मुलीनं लिहिलं होतं की सासरच्या माणसांना पणजीचा आवाज ऐकवायला बसवलं आणि पान उघडलंच नाही.

अप्पासाहेब म्हणाले, “बंद करा. फोटो व्हॉट्सॲपवर टाका. सगळ्यांना मिळतील.”

नलूताई कार्यवृत्त लिहीत होत्या. त्यांनी ‘बंद’ हा शब्द लिहिलेला मला समोरून उलटा दिसला.

मी म्हणालो, एक महिना द्या. भालेराव म्हणाले, “देऊ या. प्रोफेसर, एक महिना, नंतर बंद करायला मी पण हात वर करीन, हां.” ते मंडळाच्या बाजूनं बोलत होते. त्यांचं चूक नव्हतं.

घरी आल्यावर मी ज्याच्यावर नेहमी पहिला संशय घेतो त्याच्यावर घेतला. मी दर दहा मिनिटांनी सर्व्हर तपासतो, तर तोच बोजा होत असेल. म्हणजे मीच पाडत असेन. चार वाजता मी चहा पिऊन ताजातवाना असतो, तेव्हा नकळत जास्त तपासत असेन. हे मला इतकं पटलं की मी घरच्या कॉम्प्युटरची पिन काढली, फोन हिच्याकडे दिला आणि टेम्पोनं मुरारला भालेरावांकडे जाऊन बसलो.

“मला साडेपाचपर्यंत कशाला हात लावू देऊ नका,” मी म्हणालो.

त्यांनी मला खुर्ची दिली, समोर शेंगदाणे ठेवले, आणि स्वतःच्या फोनवर साइट उघडून बसले. साडेचारला त्यांनी फोन माझ्याकडे फिरवला. पान कोरं.

“मुबारक हो,” ते म्हणाले. “निर्दोष सुटलात.”

मला मात्र त्या क्षणी जे वाटलं ती सुटका नव्हती. मी दोषी असतो तर उपाय सोपा होता.

*

सर्व्हर एक यादी ठेवतो: कोणत्या मिनिटाला कुणीकडून काय मागितलं गेलं. ही यादी मी पहिल्या दिवशी वाचायला हवी होती. ती मी आठ महिन्यांनी वाचली, कारण ती लांब होती आणि मला आलेख आवडतात.

त्यात स्वच्छ दिसलं. रोज चार वाजता, एकाच ठिकाणाहून, ‘आपली माणसं’ हे पान पुन्हा पुन्हा मागितलं जात होतं. पहिलं येण्याआधी दुसरं, दुसऱ्याआधी तिसरं. चाळीस वेळा. मेमरी वाढवल्यानंतर ऐंशी वेळा. साइट बसली की मागणी थांबायची. दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही.

“हा हल्ला आहे,” मी भालेरावांना सांगितलं.

त्यांचे डोळे चमकले. दोन युद्धांत लढलेल्या बापाचा मुलगा. “चीन?”

“नाही. ग्वाल्हेर.”

ते निराश झाले. “ग्वाल्हेरातून कोण करणार? दुपारी चारला इथं मच्छर पण झोपतात.”

मला ठिकाण याहून बारीक कळत नव्हतं. पण कुणीतरी आपल्याच गावातला, आपल्या मंडळावर राग धरून, रोज ठरल्या वेळी हे करत होता. मला पहिल्यांदा वाईट न वाटता राग आला. वाटलं, खांबामागचा वाद कुणाच्या तरी मनात राहिला. चिटणीस म्हणून नलूताईंना हे आधी सांगायला हवं. त्यांच्याच मुलाच्या कामावर कुणी उठलंय, हे त्यांना बैठकीत सर्वांसमोर कळू नये.

*

नलूताई किला गेटपाशी राहतात, दोन खोल्या आणि एक गॅलरी. मी साडेतीनला पोचलो. त्यांनी खुर्ची पुढं केली, पंखा लावला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी हल्ल्याचं सांगण्यासाठी सुरुवात शोधत होतो. सुरुवात सापडायला मला नेहमीच वेळ लागतो.

त्या घड्याळाकडे बघत होत्या. मला वाटलं, औषधाची वेळ असेल.

चार वाजले. “सर, तुम्ही बसा. मी आलेच,” असं म्हणून त्या आत गेल्या.

दार अर्धं उघडं होतं. आत अनिरुद्धचं टेबल, अनिरुद्धचा कॉम्प्युटर. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाठ सरळ, वर्गात बसायच्या तशी. पडद्यावर आपली सगळी माणसं होती. मग त्यांनी उजव्या हाताचं एक बोट पान पुन्हा मागवायच्या बटणावर ठेवलं आणि दाबलं. थांबल्या. दाबलं. फोटो यायला लागले की पुन्हा दाबलं. घाई नव्हती, राग नव्हता. वाती वळताना हात चालतात तसा तो हात चालत होता. मध्ये एकदा दुखरं बोट झटकलं आणि डाव्या हातानं सुरू केलं.

बऱ्याच वेळानं पडदा कोरा झाला. त्यांनी चष्मा पुसला आणि तशाच स्वयंपाकघरात गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला.

मी हललो नाही. माझ्यासमोरच्या टीपॉयवर त्यांचा फोन होता. थोड्या वेळानं तो थरथरला आणि उजळला. दुसऱ्याचा निरोप वाचू नये, हे मला कळतं. पण अक्षरं मोठी केलेली होती आणि मी समोर बसलो होतो.

“आई, साइट बसली होती. उठवली आहे. काळजी करू नकोस, चहा घे. – अनि”

नलूताई ट्रे घेऊन आल्या. त्यांनी आधी फोन उचलला, वाचला, आणि पालथा ठेवला. मग माझ्या कपात दूध ओतलं.

“साखर किती, सर?”

“एक,” मी म्हणालो. मला मधुमेह आहे. दहा वर्षांत मी साखर घेतली नव्हती.

“आणि तुम्ही काहीतरी सांगायला आला होतात.”

“हो,” मी म्हणालो. “गुडघा बराच बरा आहे आता.”

*

घरी येऊन शोधलं, तेव्हा सर्व्हरच्या एका कोपऱ्यात अनिरुद्धनं लिहिलेला बारा ओळींचा छोटा प्रोग्रॅम सापडला. दर पाच मिनिटांनी साइट उभी आहे का ते बघतो. नसेल तर उठवतो आणि चिटणिसांच्या मोबाइलवर निरोप पाठवतो. चिटणीस म्हणजे आई, म्हणून निरोप तसा लिहिला. आपोआप उठते असं मी जे समजत होतो, ते हे होतं.

मला त्या अर्ध्या तासाची आठवण झाली. मी सर्व्हरची मेमरी दुप्पट केली आणि त्या बोटाचं काम दुप्पट केलं.

यावर उपाय अवघड नव्हता. पान एकच ठेवायचं, कुणाला पुढं-मागं करायचं नाही. पण बोट खाली सरकेल तसतशी माणसं आणायची, आणि आवाज कुणी ऐकायला मागितला तरच मांडायचा. मग कुणी पाचशे वेळा मागितलं तरी टेबल भरत नाही. आठवडाभरात, चुकतमाकत, मी ते लिहिलं. तपासलं, बरोबर होतं. पुन्हा तपासलं, चूक सापडेल अशी आशा होती. सापडली नाही.

मग मी ते तसंच ठेवून दिलं. लावलं नाही.

साइट दुरुस्त केली नाही तर महिनाअखेरीस ती बंद होणार, आणि निरोपही. केली तर साइट राहणार, आणि निरोप बंद. इतकं सोपं कोष्टक मी कधी मांडलं नव्हतं. दोन्ही रकान्यांत शेवटी तेच येत होतं.

एक दिवस मी आणखी एक ओळ लिहिली. साइट बसो न बसो, रोज चार वाजता अनिच्या नावानं निरोप जाईल, अशी. ती चालत होती. ती मी दिवसभर ठेवली आणि संध्याकाळी पुसली. अनिरुद्धचा निरोप खरा होता: साइट खरंच बसायची, त्याचा प्रोग्रॅम खरंच उठवायचा, मग सांगायचा. माझी ओळ म्हणजे मी एका आईला तिच्या मुलाच्या नावानं पत्रं लिहिणं. इतकं धैर्य, किंवा इतका उद्धटपणा, माझ्यात नाही. त्याच्या बारा ओळींना मी हात लावला नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी मी दुरुस्ती लावली. चार वाजता यादी उघडून बसलो. मागण्या आल्या. चाळीस झाल्या, ऐंशी झाल्या. मी मोजत होतो. दोनशे दहा झाल्या आणि थांबल्या. साइट उभी होती.

मी फोनकडे बघत बसलो. त्यांनी मला फोन केला नाही. मी त्यांना केला नाही.

*

बैठकीला सगळे आले. अप्पासाहेबांनी विचारलं, “काय मग, बंद?”

“साइट आता बसत नाही,” मी म्हणालो.

भालेरावांनी तिथल्या तिथं फोनवर उघडून बघितली, स्वतःच्या वडिलांचा आवाज लावला, आणि अप्पासाहेबांच्या कानाशी नेला. अप्पासाहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, “राहू द्या.”

“पर प्रोफेसर, तो हल्लेवाला कोण होता?” भालेरावांनी विचारलं.

नलूताई कार्यवृत्त लिहीत होत्या. पेन थांबलं.

“कुणी नव्हता,” मी म्हणालो. “यादी वाचताना माझीच चूक झाली.”

हे सगळ्यांना लगेच पटलं. भालेराव म्हणाले, “मला वाटलंच होतं.” पेन पुन्हा चालू झालं.

चहा झाला, माणसं पांगली. जिना अरुंद आहे, म्हणून मी आणि नलूताई सावकाश उतरत होतो. त्या पुढं, मी मागं. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी होती. मधल्या वळणावर त्या थांबल्या. वळल्या नाहीत.

“सर, म्हणजे ती आता अजिबात बसणार नाही?”

मी कठड्याला धरलं. हो म्हणायचं होतं. मंडळाला तेच सांगितलं होतं.

“अजिबात असं मला म्हणता येणार नाही,” मी म्हणालो. “वीज असते, तिकडचं यंत्र जुनं होतं, कधी एकदम खूप माणसं येतात. शक्यता शून्य होत नाही.”

“म्हणजे बसू शकते.”

“फार क्वचित.”

“क्वचित म्हणजे किती?”

खाली दुकानदार शटर अर्धं ओढून उभा होता, आम्ही उतरायची वाट बघत. मी मनात हिशेब केला. तो बरोबर होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

“वर्षातून एखाद वेळ,” मी म्हणालो.

नलूताईंनी पदर खांद्यावर घेतला आणि पुढची पायरी उतरल्या.

“चालेल,” त्या म्हणाल्या.